पेबल बेडमधला प्रेशर ड्रॉप एर्गुनच्या समीकरणापेक्षा कमी का येतोय?

कणाद_०७: फ्यूजन ब्लँकेटवर (फ्यूजन अणुभट्टीत प्लाझ्माभोवती असणारा, ट्रिटियम तयार करणारा थर) प्रोजेक्ट चालू आहे माझा. लिथियम सिरॅमिकच्या गोळ्या भरलेल्या थरातून (पेबल बेड) ट्रिटियम, म्हणजे इंधन म्हणून लागणारा जड हायड्रोजन, बाहेर काढायला जो पर्ज गॅस सोडतात त्याचा प्रेशर ड्रॉप (बेडमधून जाताना घटणारा दाब) मोजतोय. नळीचा आतला व्यास १० मिमी, गोळ्या १ मिमीच्या, गॅस हीलियम, रूम टेंपरेचरला. पोरोसिटी (गोळ्यांमधल्या मोकळ्या जागेचा वाटा) पेपरमध्ये वाचलेली ०.३७ धरली आणि एर्गुन (अशा बेडमधला ड्रॉप काढायचं समीकरण) लावलं तर मोजलेला ड्रॉप जवळजवळ ३० टक्के कमी येतोय, तीनदा नळी रिकामी करून परत भरली, लीक टेस्ट केली, तरी तेच. कुठं चुकतंय? आणि हाच आकडा ५०० डिग्रीला वापरला तर चालेल का?

मंदवारा: नळी अरुंद आहे तुझी. भिंतीला गोळ्या नीट रचल्या जात नाहीत, अगदी भिंतीलगत पोरोसिटी १ च्या जवळ जाते, मग आत वरखाली होत चार-पाच व्यासांनंतर स्थिरावते. तुझ्या नळीत भिंतीपासून मध्यापर्यंतच पाच व्यास आहेत, म्हणजे सगळा बेड भिंतीच्याच प्रभावाखाली. ०.३७ हा मोठ्या, नीट ठोकून भरलेल्या बेडचा आकडा. नळीत भरलेल्या गोळ्यांचं वजन कर, गोळीच्या घनतेनं भाग, म्हणजे गोळ्यांनी व्यापलेली जागा कळेल, आणि स्वतःची पोरोसिटी काढ. या सूत्रात पोरोसिटीचा घन खाली बसतो म्हणून ती जरा हलली तरी उत्तर बरंच हलतं, ०.३७ ची ०.३५ झाली तर ड्रॉप २५ टक्के वाढतो.

ऊष्माधारक: ५०० डिग्रीला तोच आकडा अजिबात वापरू नकोस. फ्लो कंट्रोलर मास फ्लो धरून ठेवतो. तापल्यावर गॅस फुगतो म्हणून वेग वाढतो, आणि हीलियमची व्हिस्कॉसिटीपण (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) वाढते, साधारण तापमानाच्या ०.७ व्या घातानं (केल्विनमध्ये धरायचं). दोन्ही मिळून १.७ वा घात. २९३ केल्विनवरून ७७३ वर गेलास की ड्रॉप पाचपट होतो. पर्ज गॅस ज्या संथ वेगानं जातो तिथं रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचं जडत्व व्हिस्कॉसिटीच्या तुलनेत किती ते सांगणारा आकडा) १ च्या बराच खाली असतो त्यामुळे एर्गुनचा वेगवर्गाचा भाग विसरलास तरी चालेल.

कणाद_०७: वजन केलं! पोरोसिटी ०.४० आली आणि फरक दोन-तीन टक्क्यांवर आला. मनापासून आभार, दोन आठवडे अडकलो होतो. मग आता मोठा बेड घेतला की प्रश्न मिटला ना?

मंदवारा: एकूण ड्रॉपचा मिटला. पण मला या विषयात खरी काळजी वाटते ती गॅस नेमका कुठून जातो याची, कारण एकूण ड्रॉप बरोबर आला तरी ते कळत नाही. खऱ्या ब्लँकेटमध्ये प्लाझ्माकडच्या बाजूला न्यूट्रॉन जास्त, तिथं गोळ्या तापतात, आणि लिथियम-६ ला न्यूट्रॉन लागून ट्रिटियमपण तिथंच जास्त तयार होतो. ऊष्माधारकनं जे वर सांगितलं तेच आता समांतर वाटांना लाव. गरम भागात गॅसला अडथळा जास्त, गार भागात कमी, म्हणजे जिथं ट्रिटियम जास्त तिथूनच गॅस कमी जाणार. त्यात भिंतीलगतची मोकळी वाट असतेच, आणि गोळ्या तापून-गार होऊन खाली बसल्या की वर फट पडते, गॅस तिथून सुटतो आणि मधल्या गोळ्या तशाच राहतात. पर्जमध्ये ०.१ टक्का हायड्रोजन घालतात, पृष्ठभागावरच्या ट्रिटियमशी अदलाबदल व्हावी म्हणून, पण तो हायड्रोजन त्या गोळीपर्यंत पोचायला तर हवा. भुगा झाला तर अजून वाईट, व्यास निम्मा झाला की ड्रॉप चौपट.

ऊष्माधारक: म्हणून पुढची टेस्ट स्थिर फ्लोवर थांबवू नकोस. आत येणाऱ्या हीलियममध्ये थोडा दुसरा गॅस एकदम सोड आणि बाहेर तो किती वेळात, कसा पसरून येतो ते बघ. टोक लवकर आलं आणि शेपूट लांब राहिली तर गॅसला कुठंतरी सोपी वाट सापडली आहे.