डिसेंबरची सुट्टी नेमकी कुणाला?

दिवाळीची सुट्टी सगळ्यांची, मे महिन्याची पोरांची. डिसेंबरच्या सुट्टीचं मात्र काही खरं नसतं. मराठी शाळेला पंचवीस तारखेचा एक दिवस, त्याच गल्लीतल्या कॉन्व्हेंटला आठवडाभर. एका घरात दोन शाळांची भावंडं असली की एक पांघरुणात लोळत असतं आणि दुसरं व्हॅनची वाट बघत फाटकात कुडकुडत उभं. आयटीवाले घरी असतात पण लॅपटॉपसकट. हॉटेलवाले, पोलीस, नर्स, ड्रायव्हर यांना तर या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते.

म्हणून वाचकांना विचारलं होतं की तुमच्याकडे हे दिवस कसे जातात आणि सुट्टी असते कुणाला? फोटोत छान दिसेल असं लिहू नका, घरात होतं तसं लिहा, एवढीच अट होती. आलेलं जवळजवळ जसंच्या तसं देते आहे. मध्ये मध्ये मी बोलेन, तेवढा यजमानीणबाईंचा हक्क.

वसई, फुलबागायतदाराची मुलगी

आमची सोनचाफ्याची वाडी आहे. बाबा पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन दादरच्या फूलबाजारात जातात, आजोबाही जायचे. आम्ही ख्रिस्ती, पण आमच्या घराचं वर्ष हिंदू सणांच्या कॅलेंडरवर चालतं. श्रावण, गणपती, नवरात्र आणि मग मार्गशीर्षातले गुरुवार. महालक्ष्मीचा घट मांडणाऱ्या बायका बुधवारीच फुलं घेऊन ठेवतात, त्यामुळे बुधवारचा बाजार तेजीत. थंडीत चाफा कमी येतो, म्हणून भाव आणखी चढतो.

२०२४ मध्ये मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला २६ डिसेंबरला. म्हणजे उद्यापनाची फुलं विकायचा बुधवार नेमका नाताळ. आदल्या रात्री मिस्सा (लाउडस्पीकरच्या नियमांमुळे आमच्या चर्चमध्ये ती आता मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही), मग घरी येऊन केक, मग भावाने बाळ येशूसाठी भाताच्या पेंढ्याचा गोठा केला होता त्याच्यासमोर फोटो. झोपायला एक वाजला. आणि काळोखातच आई बॅटरी घेऊन वाडीत. मी कुरकुरले, आज तरी राहू दे ना. आई म्हणाली, "त्यांच्या घरी आज पूजेची तयारी आहे. फुलं नकोत का त्यांना?"

बाबा सकाळी परत आले तेव्हा पाहुणे यायला लागले होते. करंज्या, शंकरपाळ्या, केक अशी ताटं या घरातून त्या घरात फिरत होती. आणि बाबा नव्या शर्टात, खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होते. कुणी उठवलं नाही. मामांनी त्यांच्याशेजारी बसूनच गप्पा चालू ठेवल्या.

यवतमाळ, हवालदाराची बायको

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होतं, हे शाळेत पाठ केलं होतं. त्याचा आपल्या संसाराशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. आता डिसेंबर आला की ह्यांची बॅग भरते. बंदोबस्ताला आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसं बोलावतात, ह्यांचाही नंबर लागतो. दिवसभर मोर्च्यांपुढे उभं राहायचं, रात्री मिळेल त्या हॉलमध्ये गादी टाकायची. नागपूरची थंडी काय असते ते तिथे रात्रपाळी केलेल्याला विचारा. अधिवेशन संपलं की इकडे थर्टीफर्स्टची नाकाबंदी. हे येताना संत्र्यांची पिशवी आणतात. मुलं म्हणतात, बाबा अधिवेशनातून संत्री आणतात. आमदारांनी पण विदर्भासाठी काहीतरी आणावं की!

(यावर टाळ्या वाजवायची सोय असती तर मी वाजवल्या असत्या.)

धाराशिव जिल्हा, बँकेत नोकरीला

आमच्याकडं नाताळ-बिताळ काही नाही. आमची सुट्टी येळवशीची. मार्गशीर्षातली अमावास्या, कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. धाराशिव-लातूर दोन्हीकडं स्थानिक सुट्टी असते. पेपरवाले दरवर्षी तीच बातमी छापतात, "शहरात अघोषित संचारबंदी." खरंच तसं असतं बरं का. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळं गाव शेतात. सीमेपलीकडं बिदर, कलबुर्गीकडंही असंच.

शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची, मग शेतभर शिंपण करायचं. गडीमाणसांना एवढंच दिसतं. जेवण काय असतं ते लिहिते. भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि बिंदगंभर आंबिल. भज्जीला ओली तूर, पावटा, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा सगळं सोलून लागतं. सोलायला बसलं की रात्रीचे बारा वाजतात. पहाटे तीनला परत चूल पेटते. आणि शेतात गेल्यावर येईल त्याला वाढायचं, कारण ज्याला शेत नाही त्याला बोलावून न्यायची आमची रीत आहे. माझ्या शाखेतले सगळे परजिल्ह्यातले लोक आमच्याच शेतात असतात. मॅनेजर साहेब पुण्याचे. पहिल्या वर्षी "आंबिल थोडीच द्या" म्हणाले, दुसऱ्या वर्षी तांब्या घेऊन बसले.

सगळ्यांना वाटतं की बायांची हौस आहे. हौस आहेच, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई गेल्या तेव्हापासून मी घरात स्पष्ट सांगितलं की आदल्या दिवशी पुरुषांनीपण सोलायला बसायचं. दीर म्हणाले, "वैनी, आम्हाला जमत नाही." म्हटलं, भावजी, शेंगा सोलायला कुठली परीक्षा द्यावी लागती? आता टीव्हीपुढं बसून सोलतात. अर्धी तूर तोंडात जाती, पण सोलतात.

संध्याकाळी गवताचा हेंडगा पेटवून पोरं शेताला फेरी मारतात तेवढा वेळ आम्ही बाया कोपीत टेकतो. कुणी काही बोलत नाही, सगळ्यांच्या कंबरा बोलत असतात.

*लातूरच्या दोघींनीही येळवशीवरच लिहिलं होतं. एकीचं म्हणणं, खीर भज्जीबरोबर खायची नाही, शेवटी खायची. दुसरी म्हणते, बरोबरच खायची. हा वाद मी इथे आणणार नाही, तुमचा तुम्ही शेतात मिटवा.*

मालवण, घरगुती निवासवाले

आमची सुट्टी पावसात. मे अखेर ते ऑगस्ट अखेर किल्ल्यावरच्या होड्या बंद, स्कूबा बंद, तेव्हा झोपू. २० डिसेंबर ते २ जानेवारी आमच्याच घरात आम्हाला जागा नसते. लेक आपली खोली पाहुण्यांना देऊन आजीकडे झोपते. आजी रात्री खोकते, लेक मोबाईल बघते, दोघी सकाळी माझ्याकडे एकमेकींच्या तक्रारी घेऊन येतात. सुरमईचा दर विचारू नका. एक पाहुणे म्हणाले, काय निवांत आयुष्य आहे तुमचं! मी सोलकढी वाढत होते. म्हटलं, माका वेळ गावना नाय, तुमका माझो निवांतपणा खंय दिसलो?

श्टुटगार्ट, जर्मनी

इथली सुट्टी खरोखरची सुट्टी असते, आणि पहिल्या वर्षी तिचीच भीती वाटते. २४ तारखेला दुपारी दुकानं बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. २६ला शनिवार आला की रविवार धरून सलग बंद. कोथिंबीर, दूध, डायपर सगळं आधी भरून ठेवायचं. सुट्टीच्या दिवशी आवाज करायचा नाही हा अलिखित नियम (काही लिखितही आहेत), त्यामुळे पंचवीस तारखेला सकाळी चटणीसाठी मिक्सर लावायचा की नाही यावर आमच्याकडे दरवर्षी तात्त्विक चर्चा होते. नवरा म्हणतो लाव, तीस सेकंदांचा प्रश्न आहे. मी खलबत्ता काढते, तर तो म्हणतो हा मिक्सरपेक्षा मोठ्याने वाजतो.

त्याच्या ऑफिसात या आठवड्याची ऑनकॉल ड्यूटी त्याच्याकडे. "तुमचा सण नाही ना," असं सहकारी म्हणतात. बदल्यात लक्ष्मीपूजनाला ते त्याचा फोन उचलतात. मला हा सौदा बरोबर वाटतो, त्याला वाटत नाही, कारण दिवाळी एका संध्याकाळीत आटोपते आणि ही ड्यूटी दहा दिवस चालते.

वरच्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात. पहिल्या नाताळाला त्या घरी भाजलेल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा देऊन गेल्या. डबा रिकामा कसा परत करायचा? बेसनाचे लाडू भरून दिला. पुढच्या वर्षी त्यांनी बिस्किटं भरून परत पाठवला. आता तो डबा नक्की कुणाचा हे आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही. गेल्या वर्षी त्यांना म्हटलं, चोवीसला जेवायला आमच्याकडे या. त्यांनी तीनदा विचारलं, नक्की ना? इथे त्या संध्याकाळी कुणी कुणाकडे सहज जात नाही, घरच्यांचाच दिवस असतो तो. आल्या, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या जेवल्या, आणि माझ्या मुलाला जर्मन गाणी शिकवत बसल्या. तो आता पुण्याच्या आजीला ती फोनवर ऐकवतो. आजी म्हणते, छान आहे रे, पण पावकी-निमकी येते का?

पुणे, निवृत्त, वय पंचाहत्तर

सून आणि मुलगा बंगळुरूला. वर्षअखेरीस येतात, दोघे "घरून काम" करतात, नातू कॉन्व्हेंटातला म्हणून मोकळा. हे दिवस धुंधुरमासाचे. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्याकडे सूर्योदयाला जेवण असे. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. सूर्य धनू राशीत असेपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, एक दिवस तरी करायचंच.

सौ.नी घोषणा केली, गुरुवारी सकाळी पावणेसातला पानं मांडणार. सून म्हणाली, "आई, माझा कॉल रात्री दीडला संपतो." मुलगा म्हणाला, "ब्रंच करू ना." हिने काही वाद घातला नाही. पावणेसातला पानं मांडली, आम्ही दोघं बसलो. भरीत फारच उत्तम झालं होतं. नातू वासाने उठून आला, डोळे चोळत दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पुन्हा झोपला. बाकीच्यांना साडेअकराला तेच गरम करून दिलं.

मला विचाराल तर यात दुःख करण्यासारखं काही नाही. आमच्या वेळी मी सकाळी सहाला पिंपरीच्या कंपनीच्या बसमध्ये असे. धुंधुरमास तेव्हाही मी डब्यातूनच खाल्ला. सून निदान घरात तरी होती. फक्त हे लोक कॉलवर असताना आपल्याच दिवाणखान्यात चोरासारखं चालावं लागतं, ते मला पटत नाही. प्रेशर कुकरच्या शिट्टीला कॅलिफोर्नियातल्या कुणीतरी हरकत घेतली म्हणे.

अलिबागजवळचं गाव

सगळे जेवणावर आले आहेत तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, राहायला नको. भात निघाला की त्याच शेतात उरलेल्या ओलाव्यावर वाल होतो. शेंगा भरल्या की पोपट्या लागायला सुरुवात, डिसेंबर अखेरपासून पुढे. मुंबईला नोकरी करणारे चुलतभाऊ शनिवारी रात्री येतात, त्यांना सुट्टी असते. आम्हाला त्या दिवशी मडकं शोध, पाला आण, शेंगा धू, हे काम. पण हे काम कुणी चुकवत नाही.

मडक्यात तळाला आणि कडेने भांबुर्डीचा (वासाची रानवनस्पती) पाला. मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाला लावलेली कोंबडी. वरून परत पाला दाबून तोंड बंद. पाणी एक थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झालं, असं माझे काका म्हणतात. माझा दुसरा काका म्हणतो अजून पाच मिनिटं. ही पाच मिनिटं दरवर्षी भांडणाची असतात, आणि त्यातच कुणाची जमीन, कुणाचं लग्न, कुणी फोन केला नाही, सगळं निघतं. मडकं फोडलं की भांडण बंद, कारण तोंडं भरलेली.

माझी बायको घाटावरची. ती म्हणते, तुमच्याकडे वर्षातून या एकाच रात्री पुरुष स्वयंपाक करतात आणि त्याचं कौतुक फेब्रुवारीपर्यंत चालतं. मुद्दा बरोबर आहे. तरी ती शेंगा सगळ्यांच्या आधी उचलते.

श्टुटगार्ट (पुन्हा)

अलिबागकर, इथे ओव्हनमध्ये पोपटी होईल का? वालपापडी भारतीय दुकानात मिळते. भांबुर्डी अर्थातच नाही.

अलिबागजवळचं गाव

होईल. ओवा थोडा जास्त घाला, केळीचं पान फ्रोझन मिळालं तर तळाला घाला, झाकण घट्ट हवं, पाणी घालू नका. चवीला बरं लागेल. फक्त तिला पोपटी म्हणू नका, काका वाचतात हे.