'करायला' म्हणजे दर वेळी 'टू डू' नव्हे : इंग्रजी क्रियापदे मराठीच्या आधाराने शिकवावीत का?

धागाकर्ता (निवृत्त इंग्रजी शिक्षक, खानापूर तालुका)

मराठी माध्यमाच्या दहावीच्या वह्या तपासताना एक चुकीचे वाक्य मला वर्षानुवर्षे भेटत आले : 'माय ब्रदर सजेस्टेड मी टू गो टू बेळगाव.' हे लिहिणारा मुलगा मठ्ठ नसतो. 'भावाने मला बेळगावला जायला सुचवले' हे वाक्य त्याच्या मनात आधीच तयार असते आणि 'जायला'च्या जागी तो 'टू गो' बसवतो. 'टोल्ड मी टू गो', 'आस्क्ड मी टू गो', 'ॲडव्हाइज्ड मी टू गो' ही तिन्ही वाक्ये चालतात. मग एकट्या 'सजेस्ट'ने काय घोडे मारले, असे त्याला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही.

माझे म्हणणे असे की, मराठी वर्गाबाहेर ठेवून ही चूक जात नाही, उलट मराठी फळ्यावर आणली तर जाते. 'करायला' हे 'करावयाला'चे झिजलेले रूप आहे आणि त्यातला 'ला' चतुर्थीचा, म्हणजे दिशा किंवा हेतू दाखवणारा आहे. जुन्या इंग्रजीतही 'टू' हे मुळात दिशा दाखवणारे शब्दयोगी अव्ययच होते आणि त्याच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला चतुर्थीचाच प्रत्यय लागे. दोन्ही भाषांची वाट इथे काही पावले एकच आहे. म्हणून 'तो चहा प्यायला थांबला' आणि 'तो चहा प्यायचा थांबला' ही दोन वाक्ये मी शेजारी शेजारी लिहीत असे. पहिल्यात माणूस स्टँडवरच्या टपरीपाशी उभा आहे, दुसऱ्यात डॉक्टरांनी त्याचा चहा बंद केला आहे. हा फरक मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. पहिल्याखाली 'स्टॉप्ड टू ड्रिंक' आणि दुसऱ्याखाली 'स्टॉप्ड ड्रिंकिंग' लिहिले की काम झाले.

प्रतिसाद १ (इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेणाऱ्या शिक्षिका, निपाणी)

सर, आपण जुळणारे उदाहरण निवडले, म्हणून ते जुळले. 'तिला जाऊ दिले' म्हणजे 'लेट हर गो'. इथे 'ऊ' आहे आणि 'टू' नाही, इथवर ठीक. आता 'तिला जायला लावले' घ्या. आपल्या हिशेबाने 'मेड हर टू गो' व्हायला हवे आणि माझ्या वर्गातली निम्मी मुले तेच लिहितात, पण इंग्रजीला तिथे 'टू' चालत नाही. गंमत म्हणजे वाक्य कर्मणी केले की गेलेला 'टू' परत येतो : 'शी वॉज मेड टू गो'. याचे उत्तर मराठीत शोधणे म्हणजे दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपल्या माळ्यावर हुडकणे होय. नोकरीच्या अर्जांची तर बातच नको. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हे वाक्य मी किती वेळा खोडले असेल! 'भेटायला उत्सुक आहे' असे मनात ठेवून लिहिणाऱ्याला तिथला 'टू' निराळा आहे आणि त्याच्यापुढे 'मीटिंग' येते, हे कुठून कळावे?

रचना ही ज्या त्या क्रियापदाची खोड असते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ मध्ये तोक्योत प्रसिद्ध झालेल्या शब्दकोशात शिकणाऱ्यासाठी क्रियापदांच्या चौकटी, म्हणजे कोणत्या क्रियापदापुढे कशी रचना येते याचे साचे, दिल्या आणि १९५४ मध्ये अशा पंचवीस चौकटी मांडल्या. नियमातून 'सजेस्ट' निघत नाही, म्हणूनच तो खटाटोप करावा लागला. मी फळ्यावर नुसते 'वॉन्ट' कधीच लिहीत नाही, 'आय वॉन्ट यू टू कम' असे अख्खे वाक्य लिहिते आणि घरातल्या माणसांवर त्याच साच्याची दहा वाक्ये म्हणून घेते.

प्रतिसाद २ (पालक, शहापूर, बेळगाव)

मुळात कोणत्या मराठीशी तुलना करायची, हे आधी ठरवावे. आमच्याकडे 'काय करायलास?' असे विचारतात आणि त्याचा अर्थ 'आत्ता काय करतो आहेस' असा होतो. 'करायला लागला आहेस' हे त्यात आटून बसले आहे. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडातही 'माडाक हत्यान' म्हणतात, त्याचाही शब्दशः अर्थ 'करायला लागलाय' आणि व्यवहारातला अर्थ 'करतोय' असाच आहे. शेजारच्या मुलाने परवा फोनवर सांगितले, 'फादर इज स्टार्टिंग टू ईट'. प्रत्यक्षात वडील जेवण संपवून हात धुवायला उठले होते! खानापूरच्या पश्चिमेला गोव्याकडे गेलात तर तिथे 'करूंक' ऐकू येईल. एकाच वर्गात या तिन्ही घरांतली मुले बसतात.

प्रतिसाद ३ (नोकरदार, चिकोडी)

आमच्या कार्यालयात 'सजेस्टेड मी टू गो' सगळ्यांनाच समजते आणि कोणाचे काम त्यामुळे अडत नाही. एवढा कीस कशासाठी?

धागाकर्ता

चिकोडीच्या महोदयांना एवढेच सांगतो की, समजणे आणि परीक्षकाने किंवा मुलाखत घेणाऱ्याने खपवून घेणे यांत अंतर आहे आणि त्या अंतरात आमच्या मुलांचे गुण जातात.

शहापूरच्या पालकांचे उदाहरण मात्र मला माझ्याच बाजूचे वाटते. घरातले 'करायलास' वर्गात बोलून दाखवले नाही, तर 'स्टार्टिंग टू ईट' कुठून आले हे त्या मुलाला कधीच उमगणार नाही.

मॅडम, 'मेड'च्या बाबतीत मी हरलो, हे मान्य करतो. परंतु 'सजेस्ट'चे उत्तर मराठीत आहे. 'मला जायला सुचवले' ही मुळात सैल मराठी आहे. नेटके वाक्य 'मी जावे असे भावाने सुचवले' हे होय आणि त्याचे इंग्रजी 'सजेस्टेड दॅट आय शुड गो' असे सरळ होते. म्हणजे मुलाची मराठी घट्ट केली की इंग्रजी आपोआप सुधारते.

प्रतिसाद १ (निपाणी)

उत्तर आवडले, सर, पण त्याच न्यायाने 'तू यावेस असे मला वाटते' याचे मुले 'आय वॉन्ट दॅट यू शुड कम' करतात. मराठी नेटकी आणि इंग्रजी चूक! 'वॉन्ट'ला 'दॅट' नको, 'सजेस्ट'ला तोच हवा. मराठीत मात्र दोन्हीकडे '-वे असे'च आहे. ही दोन क्रियापदे फळ्यावर शेजारी लिहिल्यावर आपण मुलांना काय सांगणार?

धागाकर्ता

ती दोन वाक्ये पाठ करायला सांगेन. 'टेल देम टू लर्न'. इथे तरी 'करायला' आणि 'टू' जुळले!