जुने अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, खरेच सरस होते का? आपापले अनुभव लिहा

२०२५च्या जानेवारीत यूगो साको आणि राम मोहन यांचा रामायणावरचा चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा मी लेकीला घेऊन गेले. १९९२चा, भारत आणि जपानच्या कलावंतांनी मिळून हाताने रंगवलेला चित्रपट. मध्येच ती कुजबुजली, "आई, डोंगरांवर ब्रशचे फराटे दिसतात." मला एकदम रविवारची सकाळ आठवली. मोगलीसाठी आम्ही शेजारच्या काकूंकडे जागा धरून बसत असू, आणि तो १९८९चा मोगली मुळात जपानी आहे हे कळायला मला वीस वर्षे लागली. जुने मला आजही सरस वाटते. पण त्यात चित्रांचा वाटा किती आणि त्या सकाळींचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

रंगपेटी
नव्वदच्या दशकात मी सेल रंगवत असे. सेल म्हणजे अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे पारदर्शक पान; त्यावर पुढून रेषा आणि मागून रंग असतो, त्यामुळे पुढून पाहताना रंग सपाट दिसतो. तुमच्या लेकीने पाहिलेले फराटे कागदावर रंगवलेल्या पार्श्वचित्रांचे. ठसे उमटू नयेत म्हणून आम्ही सुती हातमोजे घालायचो. रंग रेषेबाहेर गेला, तर वाळू द्यायचा आणि काडीने अलगद खरवडायचा. हे काम माझे जीव की प्राण होते, तरीही केवळ श्रम जास्त म्हणून चित्र सरस, असे मी म्हणणार नाही.

नामेकवासी
शाळेतून आल्यावर दप्तर खांद्यावर तसेच ठेवून मी 'ड्रॅगन बॉल झी' पाहत असे. ग्रह पाच मिनिटांत फुटणार, असे खलनायक फ्रीझा सांगतो, आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग संपत नाहीत! मूळ मांगा (जपानी चित्रकथा) तेव्हा अजून चालू असल्याने मालिकेने तिला गाठू नये म्हणून प्रसंग ताणले जात. परवा पुन्हा पाहताना मी सारखा पुढे ढकलत होतो. आताच्या बारा-तेरा भागांच्या हंगामांत तेवढी ताणाताणी क्वचितच आढळते.

सायली फुले
रंगपेटीताई, माझ्याकडच्या एका सेलला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला आहे. काय करू?

रंगपेटी
अगं, अ‍ॅसिटेट विघटित होऊ लागले की तसा वास येतो. तो सेल बंद पिशवीतून काढ, बाकीच्यांपासून वेगळा कर आणि थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेव. झालेली हानी भरून येत नाही, पण वेग मंदावतो.

कोजागरी
काटकसर जुन्या काळीही होतीच. १९६३च्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'मध्ये दर आठवड्याला भाग द्यायचा म्हणून त्याचे निर्माते तेझुका यांच्या चमूने एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवले आणि जुनी चित्रे पुन्हा वापरली. मला सर्वांत खोल लागलेले अ‍ॅनिमे मात्र २०२३चे आहे. बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी 'फ्रीरेन' पाहिले. सोबती हिमेलच्या दफनाच्या वेळी नायिका फ्रीरेन रडते, कारण दहा वर्षे बरोबर चालूनही तिने त्याला जाणून घेतले नव्हते. तिथे मी भाग थांबवला. समोरच्या फडताळात बाबांचा चष्मा अजून तसाच होता, काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा असलेला.