मदत हवी आहे: तत्त्वज्ञानाकडे जाऊ की धोरणाकडे? पीएच.डी.च्या अर्जात माझी पार्श्वभूमी कशी मांडू?

नमस्कार मंडळी.

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली, जिल्हा बेळगाव. शाळा मराठी, बी.ए. बेळगावात, मग राज्यशास्त्रात एम.ए. प्रबंध राजकीय तत्त्वज्ञानातला होता, विषय भाषिक न्याय. त्यानंतर वर्षभर एका संस्थेसाठी ग्रामपंचायतींच्या कामाच्या नोंदी घेत गावोगाव फिरले. आता पीएच.डी.चा अर्ज भरायला घेतलाय आणि हजार शब्दांच्या निवेदनापाशी तीन आठवडे अडकून पडले आहे. मसुदा दोघांना दाखवला. तत्त्वज्ञान शिकवणारे सर म्हणाले, यात पंचायतीच फार झाल्या. धोरणाच्या मॅडम म्हणाल्या, न्यायाचा सिद्धांत मांडणारा तो तत्त्वज्ञ रॉल्स कशाला हवा, नोंदींचे तक्ते दे. दोघंही माझ्या भल्याचंच सांगतात. पण माझ्या डोक्यात ही दोन कामं कधी वेगळी झालीच नाहीत. का, ते सांगते.

रोजगार हमीला आमच्याकडे 'उद्योग खात्री' म्हणतात. एकदा शेजारच्या मावशी रेशनकार्डाच्या पिशवीतून एक कागद काढून घेऊन आल्या. "ह्यात काय लिवलंय बघ गं जरा." काम मागितल्याची पोचपावती होती, सगळी कन्नडमध्ये, खाली त्यांचा अंगठा. मी तारीख पाहिली. तेवीस दिवस उलटून गेले होते. तेव्हा लागू असलेल्या २००५ च्या कायद्याप्रमाणे मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं होतं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा होता. म्हणजे आठ दिवसांचा भत्ता त्यांना लागू झाला होता, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच पिशवीत होता. त्यांना वाटत होतं, हा कागद काम मिळाल्यावर दाखवायचा.

पंचायतीत गेलो. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बैलहोंगलकडचे, मराठी येत नव्हतं, तिथं येऊन चार महिने झाले होते. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, अर्ज मराठीत दिलात तरी घेतो, पण आमच्याकडून जाणारा कागद कन्नडच असणार, राज्यभाषा आहे. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

घरी येऊन राज्यघटना उघडली. कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. उत्तर कुठल्या भाषेत यावं, याबद्दल तिथं एक शब्द नाही. सांगायचा हक्क मावशींना मिळाला. त्यांना सांगितलेलं त्यांना कळावं, ही जबाबदारी कुणाची? माझं सगळं संशोधन या एका प्रश्नाभोवती आहे. सरकारचं भाषेच्या बाबतीत माणसाला देणं काय लागतं, हे तत्त्वज्ञान झालं. त्या पोचपावतीच्या पाठीमागे चार ओळी मराठीत कोण छापणार, हे धोरण झालं. एकाशिवाय दुसऱ्याला हात कसा घालायचा, मला कळत नाही.

अडचण दुसरीही आहे. मी बेळगावकडची म्हटल्यावर पुढचा माणूस लगेच 'सीमाप्रश्न' म्हणतो आणि पुढचं वाचतच नाही. १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव, पण आमच्या घरात तो काळा दिनच असतो, आजोबा सीमासत्याग्रहात तुरुंगात गेले होते. ते मी लपवणार नाही. पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि निकाल कुठलाही लागला तरी रेघेच्या अलीकडे कोणीतरी मराठी आणि पलीकडे कोणीतरी कन्नड उरणारच. महाराष्ट्रातल्या जतमध्ये, अक्कलकोटमध्ये कन्नड बोलणारी गावं आहेत, तिथल्या आज्जीच्या हातात मराठी कागद पडतो. रॉल्सचा अज्ञानाचा पडदा मला तिथंच खरा समजला: आपण खानापुरात जन्मणार की जतमध्ये, हे ठाऊक नसताना पंचायतीच्या भाषेचा कुठला नियम आपण मान्य करू? जो नियम मावशींसाठी मागते तो जतच्या आज्जीलाही द्यावा लागेल. हे मी मसुद्यात लिहिलं, आणि मग घाबरून खोडलं.

तर सांगा, सुरुवात कुठून करू? आजोबांचं लिहू का? आणि पीएच.डी.ऐवजी आधी सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा का? बाबांची भातशेती आहे, फेलोशिपशिवाय जमणार नाही.

चंदगडकर:
ताई, खोडलेलं परत लिहा. तेच तुमचं निवेदन आहे.

मी राज्यशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. आमचा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि आम्ही इकडे राहिलो. माणसं जागची हलली नाहीत, रेघ हलली. कॅनडाचे राजकीय तत्त्वज्ञ किमलिका अल्पसंख्याकांचे दोन मुख्य गट करतात, मूळचे राष्ट्रीय गट आणि स्थलांतरित. सीमाभागातला माणूस दोन्हींत नीट बसत नाही, कारण तो स्थलांतरितही नाही आणि त्याच्या भाषेचं मोठं राज्य हाकेच्या अंतरावर आहे. तत्त्वज्ञानाच्या सरांना हे दाखवा, पंचायती फार झाल्या असं ते म्हणणार नाहीत.

सुरुवात पोचपावतीनं करा. रॉल्स दुसऱ्या परिच्छेदात. आजोबा एका वाक्यात, पण असू द्या. कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असतो, त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. ते वाचून काढा. अल्पसंख्य भाषिक निदान १५ टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे तत्त्व कागदावर फार जुनं आहे. ते पंचायतीच्या फळ्यापर्यंत का पोचत नाही, हा तुमच्या नोंदींचा उपयोग.

निपाणीची_अलका:
मी धोरणाचा अभ्यासक्रम केलाय म्हणून सांगते. तिथं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र भरपूर असतं. चांगलं असतं, पण तुझा प्रश्न तिथं दोन वर्षं बाजूला पडेल, आणि फी बघूनच पाऊल टाक. तुझ्याकडे प्रश्न तयार आहे, गावात फिरलेली आहेस, सरळ पीएच.डी.ला जा.

जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप हवी तर नेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावीच लागेल. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. जेआरएफ नाही मिळाली तरी गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. राज्यशास्त्राचा पेपर इंग्रजी किंवा हिंदीतच असतो, मराठीत वाचून जाऊ नकोस. मी तीच चूक केली होती, पहिल्या खेपेला संज्ञाच ओळखता आल्या नाहीत. आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठात अर्ज करणार असशील तर तुझं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का बघ, दाखला आत्ताच काढून ठेव.

जतकर:
माझी मातृभाषा कन्नड, शाळा कन्नड, राहणार जत तालुका. मराठी बाजारात आणि कचेरीत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलेली आज्जी आमच्या घरात होती. तिच्या पेन्शनचा मराठी कागद मी वाचून दाखवायचो, तेव्हा मी सहावीत होतो. एकदा मी चुकीचं वाचलं आणि तिची तारीख हुकली. ते मला अजून लागतं. तुमच्या मावशींची गोष्ट वाचून पहिल्यांदा वाटलं की पलीकडचं कोणीतरी आमच्याबद्दलही विचारतंय. तुम्ही इकडच्या पंचायती बघायला या. चार गावांत ओळख आहे, मी बरोबर येतो. कन्नड कळतं ना तुम्हाला?

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. चंदगडकर सर, खोडलेला परिच्छेद परत घेतला. अलकाताई, यादीत गाव आहे, दाखल्यासाठी सोमवारी जाते.

जतकर दादा, कन्नड कळतं, वाचता येतं, बोलताना अडखळते. निवेदनात आता दोन्ही बाजूंच्या चार-चार पंचायती लिहिल्या आहेत, तुमच्या भरवशावर. भात कापणी झाली की येते. अथणीवरून जतला सकाळची गाडी किती वाजता असते?