नाल्यात झिंगे विरळ झाले, पिंजरा कसा लावावा?

धानकाठ: आमचा भंडारा जिल्ह्यातला नाला, मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) सांडव्यातून निघून वैनगंगेला मिळतो. पाणी गुडघाभर, मधे दोन डोह. बांबूचे 4 पिंजरे रात्रभर डोहाच्या मधे ठेवले की सकाळी पाच-सहा झिंगे, बाकी खेकडेच. आमिष कोंडा आणि ढेप (तेलबियांची पेंड). काय चुकतंय?

डोहकाठी: दादा, पहिले जागा बदला. डोहाच्या मधे उघड्यावर मासे झिंग्याला खातात, म्हणून तो कडेला दडतो: पाण्यात उतरलेल्या मुळ्यांत, पोखरलेल्या काठाखाली, मोठ्या दगडाच्या आडोशाला. पिंजरा तिथंच, तळाला टेकवून, आत दगड घालून ठेवा. तोंड पाणी वाहत जातं त्या बाजूला करा. वास पाण्यासोबत खाली जातो आणि झिंगा त्या वासानं वर चढत येतो. तोंड उलटं असलं तर तो बुडाकडूनच काड्या चाचपत राहतो, शिवाय तोंडात पालापाचोळा अडकतो.

कोंडा-ढेप सुटी टाकत असाल तर ती वाहून जाते. मूठभर भाजलेला कोंडा, मूठभर ढेप आणि मासळीचं एक मुंडकं मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून पिंजऱ्याच्या मधोमध टांगा. काठीला टेकवलं तर बाहेरूनच कुरतडतात. आतलं तोंड दोन बोटं, म्हणजे 3 सेंमीच्या आसपास ठेवा. मोठे खेकडे बाहेरच थांबतील. खेकडा आत शिरला की सापडलेले झिंगेही खातो.

पळसबन: इतके विरळ असतील तर डहाळ्यांची जुडी लावून बघा, आमिष लागत नाही. पळसाच्या किंवा जांभळाच्या पानांसकट डहाळ्या, कवेत मावेल एवढी जुडी, एका टोकाला घट्ट बांधून दगडासकट काठाशी बुडवा. करंज नको, त्यानं मासोळी मरते. तीन-चार रात्री हात लावू नका. पानं कुजायला लागली की झिंगे खायला आणि लपायला येतात. काढताना आधी खालून मोठी टोपली सरकवा, मगच उचला. नुसती जुडी वर ओढली तर पाण्याबाहेर येण्याआधीच सगळे गळून पडतात.

अंधार पडल्यावर टॉर्च मारली तर डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. दचकलेला झिंगा मागे उडतो, म्हणून जाळी शेपटीमागे धरायची आणि समोरून काडी दाखवायची.

धानकाठ: पिंजरा दुपारपर्यंत राहिला तर चालेल?

डोहकाठी: नाही. उजाडताच काढा. साचलेलं पाणी तापलं की कोंडलेले झिंगे गुदमरतात, आणि कात टाकलेल्या मऊ झिंग्याला बाकीचे खातात.

बोडीपार: पोटाखाली अंडी चिकटलेली मादी तिथल्या तिथं सोडा, नाहीतर पुढच्या साली पिंजरा लावून उपयोग नाही. धानावरच्या फवारणीचं पाणी नाल्यात उतरतं का तेही बघा. कीडनाशकानं माशाआधी झिंगा मरतो. बांधीचं (धानाच्या शेतातलं) पाणी सोडल्यावर झिंगे एकाएकी गायब झाले असतील तर कारण तेच समजा. ब्लीचिंग किंवा दुसरं विष कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, 1897 च्या मासेमारी कायद्यापासून त्याला बंदी आहे. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर सांडव्याजवळ पिंजरा लावण्याआधी संस्थेला विचारा.