मदत हवी आहे: फिगर स्केटिंगमधल्या ट्रिपल ॲक्सलची (पुढे तोंड करून घ्यायची साडेतीन फेऱ्यांची उडी) कुठली एन्ट्री, म्हणजे उडीआधीची हालचाल, जास्त अवघड?
स्पर्धांचे व्हिडिओ स्लो करून बघतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. ट्रिपल ॲक्सलची बेस व्हॅल्यू (उडीचे ठरलेले मूळ गुण) 8.00, मग स्केटर लांब ग्लाइड करून उडो नाहीतर जपानी स्केटर युझुरू हान्यूसारखा बॅक काउंटरमधून (एका पायावरचं वळण), आकडा तोच. अवघड एन्ट्रीचं जे काय मिळतं ते जीओईमध्ये (उडी किती चांगली झाली त्याचे परीक्षकांचे जादा-वजा गुण), तिथेही सहा मुद्द्यांपैकी तो एकच (जरा अन्यायच ना!). नियम वाचले, गुणांचे तक्ते चाळले, एन्ट्रींची आपापसात तुलना कुठेच नाही. मी स्वतः स्केटिंग करत नाही, एज (ब्लेडची कुठली कड बर्फावर आहे ते) ओळखता येते एवढंच. दुसरी एक एन्ट्री म्हणजे स्प्रेड ईगल (पावलं बाहेर वळवून घसरत जाणं), त्यात दोन्ही पाय बर्फावर असतात, काउंटरमध्ये मात्र एकाच पायावर मागून पुढे वळायचं आणि त्याच पायावरून लगेच उडी. ज्यांनी निदान सिंगल ॲक्सल तरी असा केलाय त्यांनी सांगा, खरंच काउंटरच जास्त अवघड जातो का, आणि नेमकं काय बिघडतं, स्पीड की बॅलन्स?