विषय: रोज कच्च्या रस्त्यावर चालणारी पिकअप – सस्पेन्शन आधी की खालच्या प्लेटा?

नमस्कार मंडळी,

या ईमेल यादीवर एरवी हॉलचं बुकिंग आणि वर्गणीच असते, त्यामुळे गाडीचा प्रश्न टाकताना जरा संकोच वाटतोय. पण आपल्यात खाणीत, शेतावर, बांधकामावर असणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

माझं काम सर्व्हेचं. डबल कॅब डिझेल पिकअप आहे, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). रोज थोडा डांबरी रस्ता, मग खडी, आणि शेवटी रस्ता म्हणावं असं काही नाही. मागे कायम कॅनॉपी, उपकरणांच्या पेट्या, पाणी, जादा डिझेल. गाडी मागून बसलेली दिसते, खड्ड्यात बंप स्टॉपवर (सस्पेन्शन शेवटी टेकतं त्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. आणि गेल्या आठवड्यात दगड लागून चेंबरखालचा (इंजिनच्या तेलाच्या भांड्याखालचा) पातळ पत्रा आत दबला. चेंबर थोडक्यात वाचलं.

दुकानातून कोटेशन आलंय: दोन इंची लिफ्ट (गाडी तेवढी उचलणं), रिझर्व्हॉयरवाले शॉकअप, मागे एअरबॅग (पाट्यांना मदत करणारी हवेची पिशवी), स्टीलचा बुलबार, विंच (रुतलेली गाडी तारेने ओढणारं यंत्र), खालून पूर्ण स्टीलच्या प्लेटा, दोन्ही बाजूंना रॉक स्लायडर, मोठे टायर. सगळं एकदम करायचं नाही एवढं कळतं. पहिलं काय करू? गाडी माझी स्वतःची आहे, ती थांबली की कामही थांबतं.

– सर्व्हेवाली

———

ताई, फार विचार करू नका. लिफ्ट आणि मोठे टायर, बस्स. माझी चार इंच उचललेली आहे, शनिवार-रविवार डोंगरात नेतो, कुठेही अडत नाही. फोटो जोडलाय, बघा कशी दिसते!

———

जोडलेले फोटो यादी गाळून टाकते, त्यामुळे कोणालाच दिसलेला नाही. विषय चालू द्या, फक्त मागचं अख्खं पत्र खाली चिकटवू नका ही विनंती.

– यादी सांभाळणारी

———

ताई,

चार इंचवाल्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. त्यांची गाडी सुट्टीत मजा करते आणि आठवडाभर उभी राहते. तुमची रोज भरलेली जाते आणि रोज परत यायला हवी. मी खाणीतल्या पिकअप दुरुस्त करतो, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. पण तिथे ज्या गाड्या टिकतात त्या दिसायला अगदीच सामान्य असतात.

कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी गाडी वजनकाट्यावर घाला. जशी कामाला निघते तशीच: टाकी भरलेली, पेट्या, पाणी, शेजारी माणूस. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कंपनीची पट्टी असते, तिच्यावर एकूण वजनाची मर्यादा असते आणि बहुतेक गाड्यांवर दोन्ही अ‍ॅक्सलची वेगळीही. पट्टीवर नसेल तर मॅन्युअलमध्ये सापडेल. जाड पाटे घातले म्हणून ती मर्यादा आपोआप वाढत नाही, कारण ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग, चासी सगळं तेच राहतं.

स्प्रिंग निवडायची ती या आकड्यांवर. दुकानात विचारतात "किती इंच हवी?" खरं तर विचारायला हवं, कायम किती वजन असतं? पाट्यांचे संच हलक्या, मध्यम आणि कायम जड वजनासाठी वेगवेगळे येतात. गरजेपेक्षा कडक घेतले तर पेट्या उतरवलेल्या दिवशी मागची चाकं नुसती उड्या मारतात आणि खडीच्या वळणावर मागची बाजू सरकते. पुढेही तसंच. बुलबार नसताना बुलबारसाठीची कॉइल लावू नका. स्ट्रटच्या डोक्यावर चकती ठेवून उंची देणारे स्वस्त स्पेसर तर नकोतच. स्प्रिंग जुनीच राहते, वजन पेलायची ताकद तसूभर वाढत नाही आणि चाक खाली लोंबलं की चाकाला ताकद पोचवणारे सीव्ही जॉइंट नि बॉल जॉइंट टोकाच्या कोनात जातात.

उंची दीड-दोन इंच भरपूर झाली. त्यापुढे पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, सीव्हीचे बूट लवकर फाटतात, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल, कमी होऊन गाडी सरळ रस्त्यावर भटकते, आणि अलाइनमेंट बसवायला वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात. शिवाय लिफ्टने मागच्या डिफखालची (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याखालची) जागा एक मिलिमीटरही वाढत नाही. अ‍ॅक्सल चाकाला धरून असतो, त्यामुळे तिथे फक्त टायरच्या व्यासाने फरक पडतो, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच. दोन इंचांनी मोठा टायर घेतलात तर मिळतो एक इंच. त्या एका इंचासाठी गिअरिंग जड होतं, ब्रेकला जास्त काम पडतं आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागतो.

शॉकअपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच उडतात. शॉकअपचं काम म्हणजे हालचालीची उष्णता करून ती हवेत सोडणं. वॉशबोर्डसारख्या खडखड्या रस्त्यावर तो सेकंदाला कितीतरी वेळा आत-बाहेर होतो, तेल तापतं, पातळ होतं, साध्या शॉकअपमध्ये त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि मग तो नुसता नावाला राहतो. मोनोट्यूबमध्ये दाबाखालचा नायट्रोजन तेलापासून वेगळा ठेवलेला असतो आणि नळी एकच, त्यामुळे तो थंड राहतो. रिझर्व्हॉयर म्हणजे त्यात आणखी तेल. कागदावर उत्तम. पण मोनोट्यूबची बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी. उडालेल्या दगडाने तिला पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन ट्यूबची, म्हणजे एकात एक दोन नळ्या असलेल्या शॉकअपची, बाहेरची नळी चेपली तरी आतली बहुधा शाबूत राहते आणि तुम्ही घरी येता. भन्नाट वेगाने जाणार नसाल तर जाड दांड्याचे, मोठ्या व्यासाचे, फोम सेलवाले (आत मोकळ्या वायूऐवजी फोम असलेले) ट्विन ट्यूब घ्या. रिझर्व्हॉयरवाल्यांची अधूनमधून सर्व्हिस लागते. त्यासाठी गाडी उभी ठेवायला तुम्हाला वेळ आहे का?

आणि फुकटातली गोष्ट: हवा. कॉरुगेशनवर, म्हणजे त्या खडखड्या रस्त्यावर, डांबरी रस्त्याचीच हवा ठेवून पळवलं तर कुठलाच शॉकअप फार दिवस पुरत नाही. डांबरावर 40 पीएसआय असेल तर खडीवर 30च्या आसपास आणा, वेग उतरवा, परत डांबर लागलं की भरा. कंप्रेसर गाडीतच ठेवा. टायर एलटी (लाइट ट्रक) जातीचे हवेत, बाजू जाड असलेले. मात्र उगाच सर्वात कडक रेंजचे घेऊ नका. लोड रेंज ई म्हणजे 80 पीएसआयपर्यंतचा टायर. तुमच्या वजनाला सी रेंज पुरत असेल तर तो मऊ चालतो.

– खाणीतला फिटर

———

दादांनी एअरबॅगचा विषय सोडून दिला, म्हणून मी लिहिते. स्ट्रक्चरल डिझाइन हा माझा रोजचा धंदा आहे आणि वाकलेल्या चासीचे फोटो मी हौसेने जमवते.

पाट्याचं वजन चासीला दोन ठिकाणी पोचतं, पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला. एअरबॅग अ‍ॅक्सलच्या वर, मधोमध बसते. तिच्यात हवा भरली की तो भार त्या एकाच बिंदूवर येतो. आता कॅनॉपीचं मागचं टोक, टोइंगचा गोळा, मागे टांगलेलं जादा चाक हे सगळं अ‍ॅक्सलच्या पाठीमागे. मोठ्या खड्ड्यात मागची बाजू खाली जाते, कॅब पुढे तशीच राहते, आणि चासी एअरबॅगच्या जागी टेकू मिळाल्यासारखी वाकते. डबल कॅबमध्ये ही चीर किंवा बाक कॅब आणि ट्रे यांच्या मधल्या भागात दिसतो. एअरबॅग प्रसंगी टोइंगसाठी, कमी हवेवर, ठीक आहे. कायमच्या वजनाला ती उत्तर नव्हे, त्याला पाटेच हवेत.

वजन कुठे ठेवता हेही मोजा. व्हीलबेस 3.1 मीटर धरू. मागच्या अ‍ॅक्सलच्या 1 मीटर मागे 100 किलो ठेवले, तर मागच्या अ‍ॅक्सलवर 132 किलो वाढतात आणि पुढचा 32 किलोंनी हलका होतो. म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमी. तीच पेटी कॅबच्या पाठीला चिकटवा, काही खर्च न करता गाडीची मागची बाजू वर येईल. सर्व्हेवाली, तुझ्या पाण्याचा कॅन कुठे असतो?

———

सगळ्यात मागे, दाराजवळ. काढायला सोपा पडतो म्हणून. आणि डिझेलचा कॅन त्याच्या शेजारी.

आज वजनकाट्यावर गेले होते. पुढे 1230, मागे 1650, एकूण 2880 किलो. पट्टीवर 3050. म्हणजे हातात 170 किलो. आता कोटेशनमधल्या वस्तूंची वजनं दुकानाकडून मागवली: बुलबार 55, विंच 30, स्लायडर 40, टायर-चाकांचा फरक पाच मिळून 30. प्लेटांचं वजन त्यांना माहीत नाही, "काही विशेष नसतं" म्हणाले.

– सर्व्हेवाली

———

विशेष नसतं म्हणे! 3 मिलिमीटर स्टीलचा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस झाकायला दीड चौरस मीटर धरा, 35 किलो झाले. तुमची बेरीज 190 होते. मालाची एक पेटी न वाढवता मर्यादेबाहेर 20 किलो. शिवाय बुलबार-विंच पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लोंबतात, म्हणजे 85 किलोंचे पुढच्या चाकांवर 110च्या घरात जातात.

आता प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही नसेल तर मी रस्त्यात अडकेन का? चेंबर फुटलं तर अडकाल, तेव्हा प्लेट हवी. रेडिएटर, गिअरबॉक्सचं चेंबर, तेही झाका. स्लायडर दारांखालची कड वाचवतात. दार चेपलं तरी गाडी घरी येते, तेव्हा ते नंतर. एकट्या जात असाल तर विंचऐवजी ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या फळ्या) आणि फावडं घ्या, आणि दुसरी गाडी मदतीला आली तर ओढायला चांगला पट्टा. चिखलात रुतण्याच्या बऱ्याच प्रसंगांत तेवढ्याने भागतं. बुलबार जनावरं आडवी येणाऱ्या भागात रात्री चालवायचं असेल तरच, आणि अपघातात फुगणाऱ्या एअरबॅगशी व पुढच्या रडारशी जुळणारा.

– फिटर

———

अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा घ्याव्यात का मग? 6 मिलिमीटरची प्लेट चौरस मीटरला 16 किलोच. विंच मात्र मी काढणार नाही, सांगून ठेवतो.

– चार इंचवाला

———

तुमचं विंच तुमच्याकडेच राहू द्या, कोणी मागत नाहीये.

प्लेटांबद्दल शेतावरच्या बाजूने सांगते. दगडावर घासत जायचं असेल तर स्टील घसरतं, अ‍ॅल्युमिनियम दगडाला धरतं आणि त्याच्या खपल्या निघतात. स्टील वाकलं तर काढून हातोड्याने सरळ होतं. पण ताईंचं वजन काठावर आहे आणि दगड "कधीतरी" लागतो, तर चेंबरखाली स्टील आणि बाकी मागे अ‍ॅल्युमिनियम असं करता येईल.

प्लेट दुकानात हातात घेऊन तीन-चार गोष्टी बघा. तेल काढायला आणि फिल्टर बदलायला झाकण आहे का, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला सगळं खोलावं लागतं. बोल्टची डोकी आत खोचलेली आहेत का, बाहेर असतील तर पहिल्याच दगडाने गोल होतात आणि मग ग्राइंडर. पाणी आणि चिखल निघायला भोकं आहेत का. हे शेवटचं फार महत्त्वाचं. प्लेटेवर वाळकं गवत साठतं, वर सायलेन्सर आणि डीपीएफ (धुराचा फिल्टर) तापलेला, आणि खाली बघायला कोणी वाकत नाही. कापणीच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी प्लेटेवरचं गवत हाताने ओढून काढते. बोल्टना अँटी-सीझ (बोल्ट अडकू नयेत म्हणून असलेली पेस्ट) लावा.

आणि नदी-नाले ओलांडत असाल तर डिफचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची तोंडं) वर उचलून घ्या. एक साधी नळी. तापलेला डिफ थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील किंवा खालच्या ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसेपर्यंत कळत नाही.

– शेतावरची

———

सर्वांचे आभार. ठरलं असं: मध्यम वजनाचे पाटे, पुढे दीड इंची कॉइल, ट्विन ट्यूब शॉकअप, चेंबरला स्टील, मागे अ‍ॅल्युमिनियम, ब्रीदरची नळी. पाणी आणि डिझेल कॅबच्या पाठीशी हलवलं, तेवढ्यानेच मागची बाजू दिसण्याइतकी वर आली. टायर झिजले की सी रेंज एलटी, मूळ मापाचेच. दुकानदार जरा हिरमुसला.

फिटरदादा, काम करून घेताना डोळ्यांत तेल घालून काय बघू?

– सर्व्हेवाली

———

चार गोष्टी. यू-बोल्ट नवीनच घालायला सांगा, जुने ताणलेले असतात. पाटे आणि कंट्रोल आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, नेहमीच्या वजनावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागच्या अ‍ॅक्सलवरून चासीकडे जाणारा एक छोटा दांडा आहे का बघा. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब तो वजनाप्रमाणे ठरवतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. दांडा असेल तर त्याचं ब्रॅकेट जुळवून घ्यायला हवं. ब्रेकचे होस आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबवून बघा, ताणलेली नकोत.

मग अलाइनमेंट, हेडलाइटचा फोकस खाली, आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. 500 किलोमीटर झाले की यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. दुकानदार "आम्ही घट्ट केलेत" म्हणेल, तरी तपासा.

– फिटर